आकडा छापा, पण ‘किती वेळात?’ हेही विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या नागपूर पुरवणीत गेल्या पंधरवड्यात दोन बातम्या आल्या. एका गृहसंकुलाच्या गच्चीवर सौर पॅनल बसवल्यामुळे ‘दररोज ५० किलोवॅट विजेची बचत’ होणार, ही पहिली. दुसरी धरणाची होती आणि तिच्यात ‘१२ हजार क्युसेक प्रतिसेकंद वेगाने’ विसर्ग सुरू असल्याचं लिहिलं होतं. बाकी दोन्ही बातम्या चोख होत्या. सोसायटीच्या अध्यक्षांचं नाव, त्याच्या आधीचं ‘ॲड.’, फोटोत डावीकडून कोण कोण, सगळं बिनचूक. फक्त आकड्याच्या मागे जे एकक लावलं होतं, तिथे घोळ.

माझी ओळख सांगते. एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. शिकवायचं काम सरांचं. माझ्याकडे कपाटाच्या किल्ल्या. व्हर्नियर, स्क्रू गेज, वजनपेट्या मोजून द्यायच्या आणि तास संपला की मोजून परत घ्यायच्या. वजनपेटीतलं १० मिलिग्रॅमचं पत्र्याचं वजन हमखास कुणाच्या तरी वहीत अडकलेलं सापडायचं. पण टेबलांमधून फिरताना वह्या दिसत. प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तरापुढे एकक नसलं की बाहेरून आलेले परीक्षक अर्धा गुण कापत आणि पोरगं माझ्याकडे बघून म्हणे, ‘मॅडम, आकडा तर बरोबर आहे ना!’ आपल्या वार्ताहरांचंही बहुधा हेच म्हणणं असेल.

वर्तमानपत्रं वाचताना माझ्या लक्षात आलंय की यातल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. काही भौतिक राशी साठ्याच्या असतात, काही दराच्या. अंतर हा साठा, वेग हा दर. रायपूर नागपूरपासून ‘ताशी २८० किलोमीटर’ आहे असं आपल्याकडे कोणी लिहिणार नाही. लिहिलंच तर पानं लावणारा मुलगासुद्धा हसेल. मात्र वीज आणि पाणी आलं की हेच वाक्य रोज छापलं जातं आणि कोणी हसत नाही.

आधी विजेचं बघू. किलोवॅट हा दर आहे. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा, किलोवॅट म्हणजे सेकंदाला हजार ज्यूल. हा दर तासभर टिकला तर ३,६०० सेकंदांत ३६ लाख ज्यूल ऊर्जा वापरली जाते, आणि त्यालाच आपण एक युनिट म्हणतो. कागदोपत्री नाव किलोवॅट-तास. किलोवॅट गुणिले तास. आपल्याकडे छापून येतं ‘किलोवॅट प्रतितास’, म्हणजे भागिले. एका शब्दाने गुणाकाराचा भागाकार होतो. आता ‘किलोवॅट प्रतितास’ याला काही अर्थच नाही असंही नाही बरं का. वीज केंद्रातला संच सुरू करून त्याचा भार हळूहळू चढवत नेतात, तेव्हा मिनिटाला किती मेगावॅट चढवायचे याचा हिशेब तिथले अभियंते ठेवतात. पण घरच्या बिलाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

हे पटवायला मला कधी फळा लागला नाही, जिन्याखालचा मीटर पुरे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं की एका किलोवॅट-तासाला तो किती वेळा लुकलुकेल. आमच्या मीटरवर ३,२०० आहे. कुठे १,६०० असतं, कुठे ६,४००. सुट्टीत नातवंडं आली की मी घरातलं सगळं बंद करते आणि एकाला मीटरपाशी घड्याळ घेऊन उभं करते. हजार वॅटची इस्त्री लावली की दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकतो. इस्त्री बंद करून २०० वॅटचा कूलर लावला की १० ते ११ वेळा. फक्त ९ वॅटचा एलईडी दिवा ठेवला तर पोरगं ताटकळतं, कारण दोन मिनिटांनी एकदा कुठे लुकलुकतो. (इस्त्रीचा दिवा मधेच विझतो, कारण तिचा थर्मोस्टॅट तिला बंद करतो. मोजणी त्याआधी उरकावी लागते.) दिवा किती भरभर लुकलुकतो, ते किलोवॅट. महिनाभरात एकूण किती वेळा लुकलुकला, त्याला ३,२०० ने भागा, ते युनिट. बिल येतं ते दुसऱ्याचं. बिलावरही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आणि नीट छापलेल्या असतात. ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये आणि ‘वापर’ युनिटमध्ये. जे बिलाच्या कागदाला जमतं ते वर्तमानपत्राला का जमू नये?

कोणी म्हणेल, काय बिघडतं? आमच्या नंदनवनात एका शेजाऱ्याचं काय बिघडणार होतं ते सांगते. त्यांना छतावर सौर संच बसवायचा होता. विकणारा माणूस येऊन बसला, त्याने बिल पाहिलं: महिन्याला साडेतीनशे युनिट, म्हणजे रोजचे बारा. शेजारी संध्याकाळी मला सांगत होते, ‘काकू, तो म्हणून राहिला का तीन किलोवॅटचं बसवलं तर रोजची तीनच भेटते. आपल्याले तर रोजची बारा लागते. मंग बाराचंच बसवा लागन ना?’ पुराव्यादाखल त्यांनी माझ्यापुढे आपल्याच पुरवणीतली बातमी धरली: ५० किलोवॅटचं पॅनल, रोज ५० किलोवॅट वीज. झालं ना शिक्कामोर्तब!

खरं गणित असं आहे. आपल्या भागात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे त्यांना लागणारे बारा युनिट तीन किलोवॅटमध्येच भागत होते. बारा किलोवॅट म्हणजे चौपट पैसा आणि हजार-बाराशे चौरस फूट मोकळी गच्ची, जी त्यांच्याकडे नाही. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान तीन किलोवॅटला ७८ हजारांवर थांबतं, पुढचा सगळा भार स्वतःच्या खिशावर. विकणाऱ्याला हे कळत नव्हतं की कळूनही वळवायचं नव्हतं, देव जाणे. पण त्याच्या हातात कागद आपण दिला होता.

जाता जाता आणखी एक. पॅनलची जी क्षमता लिहितात ती पॅनलचं स्वतःचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पॅनल ६५ अंशांच्या पुढे सहज जातं आणि दर अंशामागे त्याची क्षमता साधारण टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याने घटते. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, असं आपण गृहीत धरतो. ते नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पुरतं खरं नसतं. ही बातमी कोणी केली तर नागपूरकर आवडीने वाचतील.

कोराडीच्या वीज केंद्राचंही तसंच. तिथले तीन संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे आहेत. बातमी येते, ‘संच बंद पडल्याने दिवसभरात ६६० मेगावॅट विजेचे नुकसान’. दिवसभरात कसं? तो संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला असता तर १५,८४० मेगावॅट-तास, म्हणजे १ कोटी ५८ लाख ४० हजार युनिट झाले असते. रोज दहा युनिट वापरणाऱ्या पंधरा लाखांहून जास्त घरांची ती एका दिवसाची वीज. आता यातली कोणती ओळ वाचकाच्या लक्षात राहील, ते पत्रकारितेतल्या माणसांनीच सांगावं.

उन्हाळ्यात आपल्या पानांवर एसीच्या जाहिराती येतात, त्यातला ‘दीड टन’ हाही दरच आहे. आमच्या ओळीतल्या एका वहिनींनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की गॅलरी दीड टन वजन पेलेल का. मी हसले नाही, कारण शंका रास्त होती. टन म्हटल्यावर माणूस वजनच धरणार. हा टन बर्फाच्या दिवसांतला आहे. २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा अमेरिकन टन. शून्य अंशावरचा तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषेल, त्या दराला एक टन म्हणायचं. हिशेब केला तर तो साडेतीन किलोवॅट येतो. म्हणजे दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट दराने उष्णता बाहेर टाकतो आणि स्वतः वीज खातो साधारण दीड किलोवॅट दराने. यात जादू नाही. तो उष्णता नुसती आतून बाहेर नेतो, निर्माण करत नाही. इन्व्हर्टरच्या जाहिरातीतलं ‘१५० एएच, चार तास बॅकअप’ वाचलं की मी पुटपुटते, चार तास कशावर? १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. दोन पंख्यांवर ती रात्र काढेल, इस्त्रीवर दोन तासही नाही. पण जाहिरातींचं जाऊ द्या, त्यावर आपला लेखणीहक्क नाही हे मलाही कळतं.

पाण्याचं मात्र जाऊ देता येत नाही, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सव्वाअठ्ठावीस लिटरांच्या आसपास. ‘सेकंदाला’ हे त्याच्या पोटातच आहे. तेव्हा ‘क्युसेक प्रतिसेकंद’ म्हणजे पिवळा पीतांबर. ऐकायला विचित्र, पण जीव घेत नाही, चालवून घेऊ. एमएलडीतही, म्हणजे ‘दशलक्ष लिटर प्रतिदिन’मध्येही, ‘प्रतिदिन’ असतोच, तरी ‘रोज इतके एमएलडी’ आपण लिहितो. तेही चालवून घेऊ. धोका दुसरीकडे आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचा विसर्ग प्रशासन बहुतेक वेळा क्युमेकमध्ये कळवतं, म्हणजे सेकंदाला घनमीटर. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. तेव्हा पत्रकात ‘५ हजार क्युमेक’ असेल आणि आपण ‘५ हजार क्युसेक’ छापलं, तर पावणेदोन लाख क्युसेकचा लोंढा आपण पाच हजारांवर आणून ठेवला. कागदावर एक अक्षर बदललं, नदी पस्तीस पटींनी आटली.

माझी धाकटी बहीण ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावात दिलेली आहे. गोसेखुर्दचे ३३ दरवाजे आहेत आणि त्यातले किती, किती उघडले हे त्या गावात पोरासोरांना तोंडपाठ असतं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो महापूर आला, त्यात भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत काय झालं ते आपल्याच दैनिकाने पानंच्या पानं भरून छापलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी तिचा फोन येतो. मागे एका पावसाळ्यात तिने विचारलं, ‘ताई, पेपरात पाच हजार क्युसेक लिहिलंय, म्हणजे काही नाही ना गं? मागच्या हप्त्यात तर लाखात होतं.’ मी तिला म्हटलं, दरवाजे किती उघडलेत ते सांग. तिने आकडा सांगितला. निम्म्याहून जास्त दरवाजे उघडे ठेवून पाच हजार क्युसेक? तेवढ्यासाठी ३३ दरवाजांचं धरण कशाला बांधतात! मी तिला सांगितलं, तो क्युसेक नाही, क्युमेक असणार. तुम्ही धान वरच्या खोलीत हलवा आणि ढोरं रस्त्याकडच्या गोठ्यात बांधा. तिने हलवलं. त्या वेळी पाणी गावाच्या वेशीपर्यंत येऊन उतरलं, तो भाग वेगळा. पण वरच्या आकड्यावर विसंबून निजलेली घरं त्या काठावर किती असतील, याचा विचार करावा.

साठ्याच्या बाबतीत आपल्याकडे दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, चालतो, पुण्या-साताऱ्याकडे टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २८.३ दलघमी. पुरवणीची पानं कुठे लागतात मला माहीत नाही, पण तोतलाडोहमध्ये ‘८०० टीएमसी’ पाणी असल्याचं मी वाचलेलं आहे. अहो, कोयना पूर्ण भरली तर १०५ टीएमसी! पेंच नदीवर साडेसात कोयना कुठून आणायच्या? तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या थोडा वर आहे, म्हणजे पस्तीस-छत्तीस टीएमसी. ८०० होतं ते दलघमी. एक आकडा मात्र वार्ताहरांनी पाठच करावा असा आहे: साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी रिकामं होतं. दर आणि साठा यांना जोडणारा हा पूल आहे. एवढा हाताशी असला तर ‘धरणातून १२ हजार टीएमसी पाणी सोडले’ अशी ओळ बोटांतून उतरणारच नाही.

पावसाचे मिलिमीटरही वेळेशिवाय मुके असतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, इतकं सोपं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला तर नऊ हजार तीनशे लिटरच्या आसपास पाणी खाली येणार. प्रश्न उरतो, किती वेळात? हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं आणि त्यावर वर्गवारी करतं, ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असला तर ‘जोरदार’, त्याच्या वर ‘अति जोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. या तक्त्यात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा आपला पाऊस पहिल्याच पायरीवर बसतो. पण तो शंभरेक मिलिमीटर चार तासांत कोसळला होता. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. हाच शंभर मिलिमीटर चोवीस तासांत रिमझिम पडला असता तर आपण भजी तळली असती. त्या आठवड्यातल्या बातम्या मी कात्रणं करून ठेवल्या आहेत. ‘१०० मिमी पाऊस’ सगळीकडे आहे. ‘चार तासांत’ हे शब्द निम्म्या बातम्यांत नाहीत.

तापमान साठा आणि दर या दोन्ही खात्यांत बसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. अंश सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू आहे, उष्णता संपण्याचा नाही. तेव्हा पहाटे २० आणि दुपारी ४० अंश असेल तर ‘पारा दुप्पट’ झाला असं म्हणू नये. केल्व्हिनमध्ये तो २९३ वरून ३१३ वर गेला, म्हणजे सात टक्के. परदेशी बातम्या उतरवताना ‘तापमानात दीड अंशाची म्हणजे ३४.७ फॅरनहाइटची वाढ’ असं होतं, तेही त्यातलंच. वाढ रूपांतरित करताना ३२ मिळवायचे नसतात. दीड अंश सेल्सिअस वाढ म्हणजे २.७ अंश फॅरनहाइट वाढ.

आणि ते ५६ अंश! ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राच्या नोंदीत ५६ अंश आले आणि देशभर आपली कीर्ती झाली. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगून तो आकडा नाकारला. नागपूरची अधिकृत विक्रमी नोंद ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ ची. जगातली मान्य विक्रमी नोंद अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीची, ५६.७, आणि तीही १९१३ सालची. म्हणजे आपण जागतिक विक्रमाच्या पाऊण अंश खाली होतो आणि दुपारी सीताबर्डीत लोक चपला घेत होते. आकडा छापण्याआधी बाजूच्या केंद्रांवर काय आहे एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. आमच्या प्रयोगशाळेत मुलाचं एक वाचन बाकीच्यांपेक्षा दहा अंशांनी वेगळं आलं तर सर आधी तापमापी बदलायला सांगत, शोधनिबंध लिहायला नाही.

या शहरात आकडा कसा लिहावा याचा नमुना दगडावर कोरलेला आहे. विधानभवनाजवळचा झिरो माईल पाहायला लोक चार घोड्यांपाशी फोटो काढून निघतात. तिथल्या षटकोनी दगडावर गावांची अंतरं मैलांत आहेत; रायपूर १७४, हैदराबाद ३१८. शिवाय उंची आहे: १०२०.१७१ फूट. किती ती काटेकोर! फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. आणि ही उंची कशापासून, तर समुद्राच्या सरासरी पातळीपासून. आकडा, एकक, कुठपासून मोजलं ते, आणि नेमकं किती बारीक मोजलं तेही, सगळं एका ओळीत. ती तीन दशांश स्थळं सर्वेक्षकांनी कष्टाने मिळवलेली होती. आपण ‘सुमारे शंभर मैल’चं भाषांतर ‘सुमारे १६०.९३ किलोमीटर’ करतो, तेव्हा ती दोन दशांश स्थळं कॅल्क्युलेटरने फुकट दिलेली असतात. ‘सुमारे १६० किलोमीटर’ लिहा, कोणी नावं ठेवणार नाही.

मी काही सोवळ्यातली बाई नाही. कोथिंबिरीची जुडी न्यूटनमध्ये मागा असं मी म्हणत नाही, आणि बाजारात ‘वजन’ला ‘वस्तुमान’ म्हणायची सक्ती करणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. जमीन गुंठ्यात सांगा, संत्री शेकड्याने मोजा, सोनं तोळ्यात लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि इतवारीतला सराफ आज १० ग्रॅमला तोळा म्हणतो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे; दोघांचं एकमत असलं की व्यवहार ठीक होतो. घोटाळा होतो तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसरं असतं तेव्हा.

माझे वडील इतवारीत एका धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलो आले, त्या बदलाच्या काळात त्यांच्या गादीच्या मागे एक तक्ता टांगलेला असे. एक शेर ९३३ ग्रॅम, एक मण ३७ किलो ३२० ग्रॅम, असं पायरीपायरीने. ते सांगत, तक्ता गिऱ्हाइकासाठी टांगला होता, पण मान वळवून बघायचे ते दुकानातलेच लोक. तसा एक तक्ता आपल्या संपादकीय विभागात भिंतीवर लागावा, एवढीच मागणी आहे. शक्य झालं तर आणखी दोन गोष्टी कराव्यात. वीज, पाणी, पाऊस यांचा आकडा आला की उपसंपादकाने ‘किती वेळात?’ असं विचारल्याशिवाय तो पुढे सोडू नये. आणि नाव चुकलं तर आपण दुसऱ्या दिवशी चौकटीत दिलगिरी छापता, तशी एकक चुकलं तरी छापावी. नाव चुकलं तर एका माणसाला वाईट वाटतं. विसर्ग चुकला तर नदीकाठचा अख्खा तालुका चुकीच्या अंदाजावर राहतो.

तक्ता मी हाताने लिहून सोबत जोडला आहे, एकच पान आहे. क्युमेक-क्युसेकची ओळ लाल शाईने केली आहे. पावसाळ्याच्या आत तेवढी तरी लागावी. हेक्टर, आर, एकर, गुंठे यांच्यासाठी पानावर जागा उरली नाही. सातबाराच्या बातम्यांना हवे असतील तर वेगळ्या कागदावर लिहून पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
नंदनवन, नागपूर